ऑनलाइन भरा आणि प्रिंट आणून द्या

संपादक महोदय,
स. न.

ओला-सुका कचरा वेगळा करायची सवय आता इंदूरकरांच्या अंगवळणी पडली आहे. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात शहराचं नाव वर आहे, त्याचा आनंद आहेच. पण सुक्याच्या डब्यात पडणारा कागद मुळात छापलाच कशाला, हे कोणी विचारत नाही.

मी एका कर सल्लागाराच्या ऑफिसात काम करते. आमच्या बऱ्याच पार्ट्या, म्हणजे अशिलं, सियागंज या घाऊक बाजारातल्या. प्राप्तिकराचं विवरणपत्र आम्ही ऑनलाइन भरतो, सोबत एकही कागद जोडावा लागत नाही. आधारच्या ओटीपीने पडताळणी झाली की पोचपावती प्राप्तिकर खात्याच्या बेंगळुरूच्या केंद्राला पाठवण्याचीही गरज नाही. इथवर सगळं छान.

मग पार्टी कर्जासाठी बँकेत जाते. तीन वर्षांची विवरणपत्रं, कम्प्युटेशन (उत्पन्न आणि कराचा हिशेब), ताळेबंद, जीएसटी रिटर्न, वर्षभराचं स्टेटमेंट (कधी कधी त्याच बँकेचं!) असे दोन संच, पानोपानी सही-शिक्का. आमच्या एका पार्टीला तर दोन्ही बाजूंना छापलंय म्हणून संच परत घेऊन यावं लागलं. हे सगळं पोचलं की तिथला कर्मचारी पिना काढतो, एकेक पान स्कॅन करतो आणि संगणकात चढवतो. पीडीएफचा कागद, कागदाची पुन्हा पीडीएफ, तीही वाकडी आणि पुसट. विचारलं तर उत्तर ठरलेलं : "मॅडम, ऑडिट में पूछते हैं."

८० जीएसएमचा (चौरस मीटरला ८० ग्रॅम) ए-फोर कागद ५ ग्रॅमचा, म्हणजे ५०० कागदांचं रिम अडीच किलोचं. सप्टेंबरात खजुरी बाजारातून अशी रिमं स्कूटरवर पायाशी ठेवून आणताना ते वजन चांगलंच कळतं.

पाठकोरे वापरा, असा सल्ला हमखास मिळतो. वापरतोही, पण ऑफिसातल्या ऑफिसात. पुढच्या बाजूला कुणाचा पॅन, कुणाचा खाते क्रमांक, कुणाची उलाढाल असलेला कागद मुलांना कच्च्या कामाला कसा द्यायचा? रद्दीत तर नाहीच नाही. उद्या त्यातच कोणी शेव बांधून दिली तर? (छापील कागदात खाण्याचे पदार्थ बांधू नयेत असं एफएसएसएआय ही अन्नसुरक्षा पाहणारी सरकारी संस्था सांगते, ते निराळंच.) तेव्हा शेवटी श्रेडर, म्हणजे कागदाचे बारीक तुकडे करणारं यंत्र. तिथे कागदाचे तंतू तुटून आखूड होतात आणि आखूड तंतूंचा चांगला कागद पुन्हा होत नाही. गुपित राखावं तर कागद वाया जातो.

इलेक्ट्रॉनिक नोंदींना माहिती तंत्रज्ञान कायद्याने २००० सालीच मान्यता दिली. सर्वोच्च न्यायालयानेही एप्रिल २०२० पासून ए-फोर कागदाच्या दोन्ही बाजूंना छपाई स्वीकारली. खातेदाराच्या संमतीने एका बँकेतली माहिती थेट दुसऱ्या बँकेला देणारी अकाउंट अ‍ॅग्रिगेटरची सोय सप्टेंबर २०२१ पासून आहे. मग कोपऱ्यावरच्या शाखेलाच पाठपोट छापलेलं का चालू नये?

सगळं एका दिवसात बदलावं, असं माझं म्हणणं नाही. निदान आपल्याच बँकेचं स्टेटमेंट आपल्याच खातेदाराकडून छापून मागणं तरी बँकांनी बंद करावं. त्याला वरून परिपत्रक यायला नको, शाखा व्यवस्थापकाने मनावर घेतलं तरी पुरे.

आपली,
एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर