कॅमशाफ्ट सेन्सर दोनदा बदलला, बिघाड निघाला वायरीत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : चुकीच्या निदानापायी झालेला ११,६५० रुपयांचा खर्च परत मिळण्याबाबत

महोदय,

मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. आपल्या कंपनीची पेट्रोल गाडी पाच वर्षं वापरतोय आणि आजवर एकही सर्व्हिसिंग बाहेर केलेलं नाही.

मे महिन्यात गाडी गरम झाली की त्रास देऊ लागली. सकाळी एका सेल्फमध्ये चालू व्हायची, पण तासभर चालवून बंद केली की परत चालू करताना सात-आठ सेकंद सेल्फ मारावा लागे. चेक इंजिनचा दिवाही लागला. आपल्या अधिकृत सेंटरने स्कॅनर लावला, पी०३४० हा बिघाडाचा कोड आला, आणि अर्ध्या तासात कॅमशाफ्ट पोझिशन सेन्सर (इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा कुठे आहे ते इंजिनच्या कॉम्प्युटरला कळवणारा सेन्सर) बदलून ४,२५० रुपयांचं बिल हातात ठेवलं. दहा दिवसांत पुन्हा तोच दिवा, तोच कोड. मग ‘आधीचा पार्टच खराब निघाला असेल’ म्हणून दुसरा सेन्सर बसवला, त्याचेही पैसे लावले. वर स्पार्क प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी साफ केली. बिल ७,४०० रुपये.

त्यानंतरच्या शनिवारी आईला मुंबईच्या डॉक्टरांना दाखवून परत येत होतो. कसारा घाटात, चढावर, ऐन वळणात इंजिन बंद पडलं. स्टिअरिंग जड झालं, दोनदा दाबल्यावर ब्रेकही दगडासारखा झाला, आणि मागून कंटेनर येत होता. आई डॅशबोर्डला दोन्ही हात लावून बसली होती. कशीबशी गाडी कडेला घेतली. पैशांपेक्षा मला हे जास्त लागलं आहे.

अंबडच्या एका छोट्या गॅरेजवाल्याने आधी इंजिन चांगलं तापू दिलं. मग सेन्सरचा कपलर काढून मीटर लावला. पाच व्होल्ट येत होते, अर्थिंगही बरोबर होतं. राहिली सिग्नलची वायर. तिची दोन्ही टोकं मीटरला जोडून तो ती बोटाबोटाने वाकवत गेला, आणि ब्रॅकेटजवळ, वायर अखंड असेपर्यंत वाजणारा मीटरचा आवाज तुटला. वरचं आवरण धड दिसत होतं. सोललं तर आत तांब्याच्या तारा हिरव्या पडून तुटलेल्या. दोन-तीन तारा तेवढ्या टेकत होत्या, गरम झालं की त्याही सुटायच्या. तुकडा जोडला, स्लीव्ह चढवली, वायर ब्रॅकेटपासून लांब बांधली. ६०० रुपये घेतले. दोन महिने झाले, दिवा लागलेला नाही.

पी०३४० चा अर्थ ‘सेन्सर खराब’ असा नाही, ‘कॅमशाफ्ट सेन्सरच्या सर्किटमध्ये बिघाड’ असा आहे. सर्किटमध्ये सेन्सर आला तसा कपलर आला, वायर आली, ईसीएम म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटरही आला. तीन वायरींना मीटर लावायला किती वेळ लागतो? दोन्ही जॉब कार्डांवर व्होल्टेजचं एकही रीडिंग नाही. नवा सेन्सर बसवूनही तोच कोड आला, तेव्हा तरी कुणी वायर तपासायला हवी होती.

दोन्ही बिलांचे ११,६५० रुपये १५ दिवसांत परत करावेत. गाडीतून काढलेला मूळ सेन्सर मागूनही मिळाला नाही, तोही द्यावा. आणि घाटात बंद पडलेल्या गाडीबद्दल सेंटरकडून लेखी खुलासा हवा. तसं न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार मी राहतो त्याच जिल्ह्यात, म्हणजे नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन.

सोबत दोन्ही बिलं, जॉब कार्डं आणि कापून काढलेल्या वायरीचे फोटो जोडले आहेत. वायरीचा तुकडा माझ्याकडे जपून ठेवला आहे.

आपला,
एक ग्राहक, नाशिक