ही रेघ कोणाची?

आदरणीय ताई,

इमारतीच्या पाटीवर आर्किटेक्टची नावं लागतात, सगळ्यांच्या ड्रॉइंगचा मेळ घालणाऱ्या तुमच्यासारख्या को-ऑर्डिनेटरचं लागत नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय.

हॉस्पिटलच्या कामाची पहिली एकत्र मीटिंग आठवते? इमारतीचा सांगाडा आमच्या पुण्याच्या ऑफिसकडे, आतलं हॉस्पिटल प्लॅनिंग मुंबईच्या ऑफिसकडे, दर्शनी भाग कोल्हापूरच्या मित्रांकडे. लिफ्टशेजारचा शाफ्ट, म्हणजे पाइप-वायरींसाठीची उभी पोकळी, तिघांनीही काढला होता, तीन वेगवेगळ्या मापांचा! आम्ही वाद घालत होतो. तुम्ही शाफ्टच्या भिंतीवर पेन्सिल टेकवून विचारलंत, "ही रेघ कोणाची?" उत्तर कोणाकडेच नव्हतं.

त्या संध्याकाळी तुम्ही तक्ता केलात: प्रत्येक भिंत, शाफ्ट, सीलिंग कोण काढणार आणि कोण फक्त तपासणार. प्रत्येक रेघेचा मालक एकच. ग्रिडची, म्हणजे खांबांच्या आखणीच्या रेषांची, नावंही तिथेच ठरली, आय आणि ओ ही इंग्रजी अक्षरं वगळून, कारण साइटवर ती 1 आणि 0 वाचली जातात. प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवरच्या मॉडेलचा शून्यबिंदू एकच केलात. अर्धवट ड्रॉइंग दुसऱ्या ऑफिसला पाठवायचं नाही, हा नियम तेव्हा मला जाचक वाटला होता. बीआयएम, म्हणजे इमारतीची माहिती डिजिटल मॉडेलमध्ये सांभाळायची पद्धत, यासाठीच्या आयएसओ 19650 या 2018च्या आंतरराष्ट्रीय मानकात चालू काम आणि इतरांना दिलेलं काम वेगळं ठेवायला सांगितलंय, हे मी नंतर वाचलं.

वेळापत्रक तुम्ही स्लॅबच्या तारखेपासून उलटं मांडलंत. स्लॅब भरण्याआधी स्लीव्ह (पाइप जाण्यासाठी काँक्रीटमध्ये ठेवायच्या नळ्या) बसायला हव्यात, त्याआधी डक्टचा, म्हणजे हवा नेणाऱ्या मार्गिकेचा, मार्ग पक्का हवा, त्याआधी बीमची खोली, म्हणजे उभं माप. त्यामुळेच ऑपरेशन थिएटरवरचा बीम 600 वरून 750 मिलिमीटर झाल्याचं वेळेत दिसलं. मजल्याची उंची 4.2 मीटर. बीमखाली 450चा डक्ट, इन्सुलेशन आणि सीलिंगचा सांगाडा गेल्यावर तीन मीटरही उरत नव्हते. तुम्ही सगळ्यांना मेल न टाकता थेट स्ट्रक्चरल कन्सल्टंटना फोन केलात. बीमची रुंदी वाढली, खोली पुन्हा 600 झाली. हे काँक्रीट ओतल्यावर कळलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार आजही नको वाटतो.

तिन्ही ऑफिसांत कोणी कोणावर चिडून काम सोडलं नाही, याचं श्रेय मी तुम्हाला देतो. चूक कोणाची हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत.

मनापासून आभार, ताई. सोमवारी ऑपरेशन थिएटरच्या मजल्याचा स्लॅब भरतोय. सकाळी सातला काँक्रीटचा पंप लागेल. तुम्ही याच.

तुमचा,
पुण्याच्या ऑफिसातला आर्किटेक्ट