बाबांचा कुलवृत्तांत सुखरूप आहे

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आधी मुद्द्याचं सांगते. कुलवृत्तांत मिळाला. सगळा, परिशिष्टांसकट. नानाकाकांचं पानही आहे, आणि ते मी वाचलेलं नाही असंच समजा. फोनवरच सांगणार होते, पण तुम्ही फोन स्पीकरवर टाकता, आई आतून काहीतरी विचारते आणि मग तुम्ही दोघंच बोलत बसता. म्हणून हे पाकीट.

बाबा, तुमचं बंद पडलेलं कॉम्प्युटरचं मशीन मी न विचारता उचलून आणलं, राग आला असेल. पण तुम्ही त्या दुकानदाराला ‘मारा फॉरमॅट’ म्हणून मोकळे झाला होतात! त्याने विंडोज नव्याने घातलं असतं, मशीन सुरूही झालं असतं. पण जुन्या फायलींवर नवं काही लिहिलं गेलं की त्या परत मिळतीलच असं नसतं. आणि बिघडलं होतं ते विंडोज, फायली जागच्या जागी होत्या. दाराची कडी आतून पडली की आपण गॅलरीतून खिडकीवाटे घरात शिरायचो ना, तसं केलं.

माझ्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट उतरवून घेतलं, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी प्रणाली, तीनेक जीबीची. ते पेनड्राइव्हवर नुसतं कॉपी करून चालत नाही, त्यावरून मशीन सुरू होईल अशा रीतीने लिहावं लागतं. मग मशीन चालू करताना एफ१२ दाबून त्याला सांगितलं, की आज डिस्कवरून नाही, पेनड्राइव्हवरून उठ. हे लिनक्स सगळं मेमरीत चालतं, आपण होऊन डिस्कवर काही लिहीत नाही. स्क्रीनवर ‘इन्स्टॉल’चं चित्र असतं, त्याला हातही लावला नाही. विंडोज अर्धवट झोपेत बंद झालेलं असल्यामुळे डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडली. मला तेवढंच हवं होतं.

तुमचा पासवर्ड कुणी विचारलाच नाही, बरं का. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप, लावलेलं असतं तर ४८ आकडी किल्लीशिवाय एक अक्षर दिसलं नसतं. तुम्ही ते लावलं नव्हतंत, आणि लावलं असतंत तर ती किल्ली त्याच मशीनवर ठेवली असतीत, हे मी आईइतक्याच खात्रीने सांगते.

डिस्कची तब्येत मात्र बरी नाही. खराब सेक्टर, म्हणजे वाचता न येणारे तिचे तुकडे, वाढत चाललेत. म्हणून आधी कुलवृत्तांत घेतला, मग सोसायटीचे हिशेब, मग फोटो. सिनेमे शेवटी.

खरी धडकी पुढे भरली. कुलवृत्तांताची फाइल उघडली तर मराठीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा. क्षणभर वाटलं, संपलं. मग लक्षात आलं, तुम्ही अजून त्या जुन्या डीटीपीच्या फॉन्टमध्ये टाइप करता. त्यात ‘क’ हा आतून ‘क’ नसतोच, कुठल्यातरी इंग्रजी अक्षरावर चढवलेलं चित्र असतं. फॉन्ट नसेल तर चित्रही नाही. विंडोजच्या फोल्डरमधून तो फॉन्ट उचलून आणला आणि आपले मूळपुरुष पुन्हा मराठीत बोलू लागले. दुकानदाराने नुसत्या फायली काढून दिल्या असत्या तर तुम्ही तो कचरा बघून रात्रभर जागला असतात.

‘चिमी’ नावाचं फोल्डरही सापडलं. माझा चौथीतला ‘पावसाळा’ निबंध तुम्ही टाइप करून ठेवलाय, माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तशाच ठेवून. आणि सहामाहीची ती गुणपत्रिका, जी मी गादीखाली लपवली होती, तीही स्कॅन करून! तुम्हाला सगळं ठाऊक होतं तर. गॅसवर दूध उतू गेलं तरी मी तिथेच बसून होते.

आता जे ठरवलंय ते. जुनी डिस्क काढली. लॅमिंग्टन रोडवरून एसएसडी, म्हणजे नव्या प्रकारची डिस्क, आणून तुमच्याच मशीनमध्ये बसवली आणि तिच्यावर मिंटच घातलं. विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला तुमचा प्रोसेसर चालत नाही. नवं मशीन घेता आलं असतं, पण ग्रॅच्युइटीतून घेतलेलं हे तुम्ही भंगारात देऊ देणार नाही, हे मला माहीत आहे. कीबोर्ड तोच, खुर्ची तीच, डेस्कटॉपवर आईचा महाबळेश्वरचा फोटो तोच. टायपिंग तुमच्या सवयीच्या रेमिंग्टन पद्धतीनेच होईल. फक्त अक्षरं युनिकोडची, म्हणजे फाइल कुठेही उघडली तरी मराठीच दिसेल. जुनी पानं मी हळूहळू बदलून देईन. नाही आवडलं तर बोलू, पण महिनाभर वापरून मग बोला.

पाकिटात एक पेनड्राइव्ह आहे, त्यावर सगळ्याची प्रत आहे. तो आईच्या कपाटात, डब्यात घालून. दुसरी प्रत माझ्याकडे. बाबा, तो रोज लावून बघायचा नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी काय सांगितलंय ते आठवा, रात्री दहानंतर टायपिंग बंद. मूळपुरुष कुठे पळून जात नाहीत. आई, तू लक्ष ठेव, आणि तुझी बीपीची गोळी सकाळचीच सकाळी घे, ‘मग घेते’ नको.

मेगाब्लॉक नसेल तर रविवारी मशीन घेऊन येते. तोवर टेबलाखालच्या वायरी कुणी आवरू नका. जेवायला साधा वरणभात कर, पुरणपोळीचा घाट घालू नकोस.

तुमची,
चिमी