व्हॉल्व्हची पेटी बांधून देणाऱ्या मेस्तमामांना

आदरणीय मेस्तमामा,

सप्रेम नमस्कार. आमच्या कुळागरातली, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेतली, जांभ्या चिऱ्याची पेटी बघायला आता आजूबाजूचे लोक येतात. ती कुणाच्या डोक्यातून आणि हातांतून उतरली हे सगळ्यांना कळावं, म्हणून हे आभार उघडपणे लिहिते आहे.

पोफळी, माड, केळी आणि घराकडची भाजी, प्रत्येकाची पाण्याची गरज वेगळी. म्हणून चार सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेवर उघडझाप होणारे पाण्याचे कॉक, एकाच जागी जमिनीखाली घ्यायचे होते. आम्हाला मिळालेला तयार प्लास्टिकचा डबा एका व्हॉल्व्हपुरताच होता. खड्डा करून बाजूंनी सिमेंट लिंपावं, एवढंच आमच्या मनात. तुम्ही आधी पाना मागितलात. तो युनियनला, म्हणजे पाइपाच्या खोलता येणाऱ्या सांध्याला, लावून हात कुठवर फिरतो ते पाहिलंत, आणि तेवढी जागा सोडून मगच दोरी धरलीत.

तळाला काँक्रीट घालू दिलं नाहीत, हे फार मोठं काम केलंत. खाली हिरवी जाळी, तिच्यावर अर्धा फूट खडी, आणि व्हॉल्व्ह खडीपासून चार बोटं वर. फोंड्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. काँक्रीटचा तळ असता तर पेटीची टाकीच झाली असती. उताराच्या बाजूला दोन इंची पाइप काढून तो पाटाकडे सोडलात आणि उंदीर शिरू नये म्हणून तोंडाला जाळी बांधलीत. लाकडाच्या फळ्यांचा विचार तर तुम्ही वाळवीचं नाव घेऊन तिथेच संपवलात.

भिंतीतून पाइप आत घेण्याची तुमची रीत मी सगळ्यांना मुद्दाम दाखवते. चिरा थेट पाइपावर टेकला की त्याचं ओझं सांध्यावर येतं. तुम्ही चार इंची पाइपाचा तुकडा भिंतीत बसवलात आणि आपला एक इंची पाइप त्यातून मोकळा घेतलात. वायर २४ व्होल्टची असली तरी ओल तिला सोडत नाही. म्हणून सांध्यांना ग्रीस भरलेल्या टोप्या लावायला लावल्यात आणि हातभर वायर गुंडाळून आत ठेवलीत.

झाकण फेरोसिमेंटचं, कोंबडीची जाळी घालून, दोन तुकड्यांत. "बाय, कुळागरात दुपारी तू एकटीच असतेस, अख्खं झाकण तुला उचलणार नाही," असं म्हणालात. मामा, त्या वाक्याची मला रोज आठवण येते. पाण्याची कामं सांगताना ती पुढे कोण हाताळणार हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

फेब्रुवारीत केळीकडचा व्हॉल्व्ह बंदच होईना. आधी तुम्ही सांगितल्याप्रमाणे काठीने झाकण ठोकलं, आत साप-जनावर असलं तर हलावं म्हणून. मग मुख्य कॉक बंद करून व्हॉल्व्हचे स्क्रू काढले. आतल्या रबरी पडद्याखाली वाळूचा कण अडकला होता. धुऊन परत बसवलं. पुरुषमाणूस घरी यायची वाट बघावी लागली नाही, की फोंड्याहून कुणाला बोलवावं लागलं नाही.

दसऱ्यानंतर खालच्या बाजूला अशीच दुसरी पेटी हवी आहे. या खेपेस मजुरी ठरवल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही. आणि माझ्या मुलाला हाताखाली घ्या, त्याला चिरा तासायला शिकायचं आहे.

तुमची,
वरच्या कुळागरातली बाय