स्पर्धेबाहेरचा तबला

संपादक महोदय,

आयुष्यभर तबल्याची साथ केली, आता रिटायर होऊन घरी मुलांना शिकवतो. पालक आल्या आल्या विचारतात की कुठल्या स्पर्धेत उतरवणार, मग मुलगा फास्ट रेला, म्हणजे सलग भरभर वाजणाऱ्या बोलांची रचना, पाठ करून टाळ्या घेतो पण विलंबित एकतालाचा, म्हणजे संथ बारा मात्रांच्या तालाचा, साधा ठेका दहा मिनिटं धर म्हटलं की लय कधी वाढली ते त्याचं त्यालाच कळत नाही. आणि साथीचं सगळं कसब तर तिथेच आहे हो, गायकाला निर्धास्तपणे समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येता आलं पाहिजे. सुरबहार वाजवणाऱ्या अन्नपूर्णादेवींनी १९५० च्या दशकातच मैफली सोडल्या, पुढे मुंबईत घरीच शिकवत राहिल्या, सतारवादक निखिल बॅनर्जी, बासरीवादक हरिप्रसाद चौरसिया त्यांच्याकडे शिकले, एवढं काम कुठल्या ट्रॉफीत मावणार? मला आजही नवा पलटा, म्हणजे त्याच बोलांची वेगळी मांडणी, सुचतो तो मेथी निवडताना नाहीतर बँकेच्या लाईनीत, बोटं मांडीवर आपोआप चालायला लागतात आणि फार बरं वाटतं. शाळांना कळकळीची विनंती, गॅदरिंगला नंबर न काढता मुलांची एक तरी बैठक ठेवा.

– एक निवृत्त तबलावादक, डोंबिवली