वैशू, 341 असले तर 341 सांग

अंबाजोगाई,
6 नोव्हेंबर 2025

चि. वैशूस,
पप्पाचे अनेक आशीर्वाद.

आधी जेवून घे, मग वाच. पत्र पिशवीच्या तळाशी ठेवलंय, वर पेपर घातलाय म्हणजे तेल लागायचं नाही. होस्टेलवर फोन रविवारीच मिळतो, तोही पाच मिनिटं. मागच्या रविवारी त्या पाच मिनिटांत तू "हो", "बरं", "ठेवते" एवढंच बोललीस. म्हणून लिहायला बसलो. खरं तर आधीच लिहिणार होतो, पण कार्तिकीच्या जादा गाड्यांवर पंढरपूरला ड्युटी लागली, काल रात्री परत आलो.

तू जाऊन आज बारा दिवस झाले. त्या दिवशी स्टँडवर मी जे बोललो ते चार लोकांत बोलायला नको होतं. ड्रायव्हर, कंट्रोलर, कँटीनवाले काका, सगळे तुला फ्रॉकमधली असल्यापासून ओळखतात. "खोटं बोलायला लातूरला ठेवलंय का तुला" हे तोंडातून गेलं आणि तू खिडकीतून तोंड फिरवलंस, ते गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत फिरवलेलंच. मी हात हलवला होता, तू पाहिलं नसशील. माझं चुकलं. हे फोनवर मला बोलता आलं नसतं.

तुझ्या आईला कबूल केलंय की पत्रात तुझ्या नीटच्या सराव टेस्टच्या मार्कांचा विषय काढणार नाही. म्हणून आधी चांगली बातमी. तुझी कास्ट व्हॅलिडिटी आली! परवा मोबाईलवर मेसेज आला, मी पंढरपूरच्या स्टँडवर तिकिटं फाडत होतो, तिथंच दोन मिनिटं थांबलो. जातीचा 1967 च्या आधीचा पुरावा लागतो म्हणून मी किती खेपा घातल्या ते तुला माहीत आहे, पण एक गोष्ट सांगायची राहिली. गावच्या शाळेत हेडसरांनी जुनं रजिस्टर काढून दिलं, पानं अशी की उलटताना कडा हातात येत होत्या. आबांचं नाव सापडलं. दाखल 1957, पहिली. निळ्या शाईत, अक्षर मोत्यासारखं, कुणा गुरुजींनी लिहिलेलं. पुढं शेवटच्या रकान्यात शाळा सोडल्याचं कारण, "शेतीकाम". चौथीत. आबा आयुष्यभर आम्हाला सांगायचे की मला शिक्षणाची गोडीच नव्हती, मीच शाळा सोडली. आणि मी ते खरं धरून चाललो होतो. त्या रकान्यावर बोट ठेवून मी किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक, हेडसरांनी खुर्ची दिली मला.

त्या एका ओळीवर तुझ्या जातीच्या दाखल्याची पडताळणी झाली. आता नॉन-क्रिमीलेयर तेवढं प्रवेशाच्या वर्षाचं लागतं, ते एप्रिलमध्ये नवीन काढतो. डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला, दहावीचं मार्कलिस्ट, सगळं त्या हिरव्या फाईलमध्ये लावलंय. कपाटात वरच्या कप्प्यात. ओमला हात लावू देत नाही.

आता पैशांचं. सप्टेंबरच्या पावसानं आपलं सोयाबीन गेलं, हे तुझ्या डोक्यात बसलंय हे मला कळतं. दिवाळीत तू नवा ड्रेस नको म्हणालीस, तेव्हाच कळलं. क्लासचा दुसरा हप्ता भरून झालाय, तो विषय संपला. पुढचं ऐक. जुलै 2024 चा शासन निर्णय आहे, त्याची प्रिंट फाईलमध्ये पहिलीच ठेवलीय. घरचं उत्पन्न वर्षाला 8 लाखांच्या आत असेल आणि प्रवेश सरकारी प्रवेशफेरीतून, म्हणजे कॅप राउंडमधून झाला असेल, तर ओबीसीच्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमाची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. पूर्वी निम्मी होती. राहायचं, खायचं, पुस्तकं ते आपल्यालाच बघावं लागेल, ते मी बघतो. म्हणून पैशापायी डॉक्टरकीच झाली पाहिजे, नाहीतर सगळं वाया, असं काही तू मनात धरलं असशील तर ते काढून टाक. आणि पैशापायीच तू मला 512 सांगितलेस का?

बघ, आलाच विषय. आई म्हणालीच होती.

मी तुझी बॅग तपासत नव्हतो गं. आधारची झेरॉक्स काढायची होती, म्हणून जीवशास्त्राच्या पुस्तकाच्या कव्हरमध्ये हात घातला, तिथं तो कागद. चार घड्या घातलेला. 341. मला 341 चं काहीच वाटलं नाही, हे तुझ्या गळ्याची शपथ घेऊन सांगतो. लक्ष्मीपूजनाला आत्यासमोर तू 512 म्हणालीस आणि आत्यानं तुझ्या तोंडात पेढा घातला, तेव्हा तू तो चावलास कसा, हे मला आठवत राहिलं. चावतच नव्हतीस तू. मला वाटलं थकलीय.

रोज रात्री डेपोत कॅश भरताना मी वेबिलवरच्या तिकिटांच्या हिशेबाशी पैसे जुळवतो. दहा रुपये कमी पडले तर कुठं पडले ते शोधल्याशिवाय मला झोप नाही. तसाच तुझा कागद घेऊन बसलो. 180 प्रश्न, 96 बरोबर, 43 चूक, 41 कोरे. 96 चोक 384, त्यातून 43 गेले, 341. म्हणजे ती 43 नुसती कोरी सोडली असतीस तरी 384 होते. जीवशास्त्रात 360 पैकी 233, हे कमी नाहीत. रसायनात 69. गळती आहे ती फिजिक्समध्ये, 14 बरोबर आणि 17 चूक, हातात 39. ही 17 तू माहीत असून चुकलीस की अंदाजानं गोल रंगवलेस? अंदाजानं रंगवले असशील तर तो फिजिक्सचा दोष नाही, घाईचा आहे, घाबरण्याचा आहे. आणि ते सरांना दाखवलंस तर सर एका तासात सांगतील कुठला धडा कच्चा आहे ते. पण कागद कव्हरमध्ये गेला की सरांनाही दिसत नाही, मलाही दिसत नाही, आणि मग पुढच्या रविवारी तीच 17 पुन्हा.

राज्याच्या सीईटीची गोष्ट उलटी आहे हेही ध्यानात ठेव. पीसीबीला, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-बायोला, 200 प्रश्न, 200 मार्क, चुकीला काही कापत नाहीत, तिथं एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. नीटला हात आवरायचा, सीईटीला सोडायचा. दोन्ही सवयी वेगळ्या आहेत, दोन्हींचा सराव वेगळा करावा लागतो. सीईटीत बारावीवर भर असतो, अकरावीचं साधारण 20 टक्के. आणि बोर्डाला हलक्यात घेऊ नकोस. फिजिक्स, केमिस्ट्री, बायो मिळून आपल्याला 40 टक्के लागतातच मेडिकलला, तेवढे तू डोळे मिटून काढशील, पण प्रॅक्टिकलची जर्नल पूर्ण नसली तर ऐनवेळी...

असो. हे सगळं तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. माझी बारावी आर्ट्सची, ती पण कामं करत केलेली. मी हे पाठ केलंय ते रोज लातूरच्या गाडीत बसणाऱ्या पोरांच्या बापांना विचारून विचारून. सगळेच विचारतात एकमेकांना. बर्दापूर सुटलं की रेणापूर येईपर्यंत गाडीत दुसरा विषय नसतो. मागं एकानं विचारलं, तुमचीला किती पडतात? मी म्हणालो, 341. बोलून टाकलं. तो म्हणाला, माझ्याला 290. मग आम्ही दोघं बराच वेळ गप्प बसलो, पण उतरताना त्यानं माझा हात धरला.

त्या डब्यांचं तर तुला सांगायलाच नको. ड्रायव्हरच्या केबिनमध्ये रोज सकाळी दहा-बारा पिशव्या असतात. नावं टाकलेली, कुणाची मार्करनं, कुणाची दोऱ्यानं भरलेली. लातूरला गाडी लागली की पोरं धावत येतात, पिशवी घेतात, कालचा रिकामा डबा देतात. मी प्रत्येकाचं तोंड बघतो. जेवतंय का, झोपतंय का, सवयच लागलीय. एक मुलगा आहे किनगावकडचा, आठवडाभर त्याचा डबा भरलेलाच परत येत होता. मी झाकण उघडून बघितलं एकदा, भाकरी तशीच, भाजी तशीच, वर बुरशी. त्याच्या आईला फोन करून सांगितलं. माझं ते काम नव्हतं. पण कुणाचं होतं मग?

तुझा डबा रिकामा येतो. पण घासून आलेला येतो, त्यामुळं तू खाल्लंस की टाकून दिलंस ते कळत नाही. आई म्हणते संशय घेऊ नका. मी संशय घेत नाही. नुसतं विचारतो.

तुला एक सांगायचंय, ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. आपला एसटीचा संप चालू होता ना, तू आठवीत होतीस. 2021 च्या दिवाळीच्या तोंडावर सुरू झाला तो 2022 च्या एप्रिलपर्यंत चालला. जानेवारीत घरात काही उरलं नाही, तेव्हा मी आईची बोरमाळ सोनाराकडे ठेवली. आईला सांगितलं, लॉकरमध्ये आहे. फेब्रुवारीत मावशीच्या घरचं लग्न निघालं, ती म्हणाली, बोरमाळ आणा. मी म्हणालो, किल्ली हरवलीय. मग रोज किल्ली शोधायचं नाटक. वैशू, त्या दिवसांत मला घरी यायची भीती वाटायची. पैसे नव्हते म्हणून नाही, पैसे तर कुणाकडेच नव्हते. ती पुन्हा विचारेल म्हणून. चौकात बसून राहायचो रात्री दहापर्यंत. एप्रिलमध्ये कामावर हजर झालो, पुढं बोरमाळ सोडवून आणली आणि तिच्या हातात ठेवली, तेव्हा ती म्हणाली, पावती शर्टाच्या खिशातच राहिली होती, जानेवारीतच धुताना मिळाली. तिला सगळं पहिल्यापासून माहीत होतं. मी बोलेन म्हणून वाट बघत होती चार महिने. ती लग्नात काळ्या मण्यांवर गेली आणि मला शब्दानं बोलली नाही.

म्हणून तू 512 सांगितलेस त्याचा मला राग नाही. स्टँडवर राग दिसला, पण तो राग नव्हता. आत्याकडे गेलो की मी तिच्या मुलाच्या त्या फोटोखालच्या खुर्चीत बसतो, कारण समोर बसलं की तो डोळ्यांसमोर येतो. त्यानंही आत्याला दर रविवारी चांगलं चाललंय असंच सांगितलं होतं. आत्या अजून मला विचारते, दादा, माझ्या आवाजात असं काय होतं रे की त्यानं मला सांगितलं नाही? मला तिला उत्तर देता येत नाही. तुझ्या कव्हरमधून तो कागद निघाला तेव्हा माझे हात आत्याच्या हातांसारखे थरथरले. हे लिहू की नको, दोन दिवस विचार केला. लिहिलं. वाचून घाबरू नकोस, तू तशी नाहीस हे मला ठाऊक आहे. तू दुसरीत असताना पाटी फुटली तर ती फुटकी पाटी घेऊन सरळ माझ्यापुढं येऊन उभी राहिली होतीस. तीच तू आहेस.

आता एवढंच ऐक. नीट मेमध्ये आहे, सहा महिने आहेत, तू मनापासून कर. झालं तर झालं. नाही झालं तर सीईटीवर ॲग्री आहे, परभणीचं कृषी विद्यापीठ काही लांब नाही, आणि शेतातलं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. गेल्या वर्षी हरभऱ्याच्या मर रोगावर तू जे सांगितलंस ते कृषी सहायकानं नंतर तसंच सांगितलं, मी सगळ्या गावाला सांगत फिरलो होतो. नर्सिंगची सीईटी वेगळी असते, तिचाही फॉर्म भरून ठेवू, भरायला काय जातं. रिपीट करायचं म्हणालीस तर त्यावरही बसून बोलू. लातूर सोडून परत यायचं म्हणालीस तरी ये. खरंच ये. दहावीला 96.40 पडले तेव्हा मी डेपोत पेढे वाटले, पण तू घरात नसलीस की मला दारातली तुझी चप्पल शोधायची सवय आहे, ती मार्कांमुळं लागलेली नाही.

पुन्हा लेक्चर झालं. माफ कर. आज्जी म्हणते पप्पाचं पत्र म्हणजे कीर्तन. ती तुझ्यासाठी कालपासून खोकतच लाडू वळत बसली होती, ऐकत नाही कुणाचं. ओमनं तुझ्या टेबलावर कब्जा केलाय, पण तुझं टाइमटेबल भिंतीवरून काढू दिलं नाही त्यानं.

डब्यात वरच्या पुडात मेथी, खाली भाकरी, बाजूच्या डबीत शेंगदाण्याची चटणी, कागदात लाडू सहा. दोन मैत्रिणींना दे. ताकाच्या बाटलीचं झाकण घट्ट बसलंय, हातानं नाही निघालं तर चमच्यानं कडेनं उचल.

उद्या सकाळच्या गाडीवर मीच आहे. रिकामा डबा देशील तेव्हा आत चिठ्ठी टाक. या रविवारच्या टेस्टचे मार्क लिही, बरोबर किती, चूक किती, कोरे किती. जेवढे असतील तेवढे. आणि डबा घासू नकोस, तसाच दे.

तुझा,
पप्पा