लिंकर मागे ओढू नका, कर्नल पुढे न्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत आणि एम्बेडेड (उपकरणांत बसवलेल्या संगणकांच्या) क्षेत्रातल्या लहान कंपन्यांत एक सल्ला इतक्या सहजपणे दिला जातो, की त्याविषयी जाहीरपणे लिहिणे मला आवश्यक वाटते. संगणकावरील लिनक्स अद्ययावत केले, त्याबरोबर लिंकरची नवी आवृत्ती आली आणि कालपर्यंत विनातक्रार पूर्ण होणारा कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, बिल्ड (मूळ कोडपासून चालणारी प्रतिमा बांधण्याची प्रक्रिया) मध्येच थांबू लागला, की ‘जुना लिंकर परत टाका आणि काम चालू ठेवा’ असे सांगितले जाते. असे अडलेले बिल्ड मार्गी लावणे हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे, आणि हा सल्ला बहुतेक वेळा चुकीचा असतो असे माझे ठाम मत आहे. तो तांत्रिकदृष्ट्या अपुरा आहेच, पण त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे तो सुरक्षिततेच्या दृष्टीने घातक आहे.

ज्या वाचकांचा या विषयाशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. कर्नलच्या हजारो फाइली आधी सुट्या सुट्या ऑब्जेक्ट फाइलींत रूपांतरित होतात आणि लिंकर त्या जोडून एक अखंड प्रतिमा तयार करतो. कोणते फंक्शन कोणत्या पत्त्यावर बसले हे ठरवून ते पत्ते जागोजागी भरण्याचे कामही त्याचेच. साधा प्रोग्रॅम लिंकरच्या नेहमीच्या व्यवस्थेवर विसंबून असतो. कर्नलचे तसे नाही. कोणता भाग कुठे बसवायचा हे सांगणारी लिंकर स्क्रिप्ट त्याची स्वतःची असते, मोड्यूल (चालू कर्नलला नंतर जोडले जाणारे भाग) चढवताना पत्ते भरण्याचे काम तो स्वतः करतो, आणि बिल्ड चालू असतानाच ऑब्जटूल हे त्याचे तपासनीस साधन ऑब्जेक्ट फाइली उघडून पाहते. त्यामुळे इतर सॉफ्टवेअरला ज्या बदलाचा पत्ताही लागत नाही, तो बदल कर्नलला थेट भिडतो. शिवाय आपण सर्रास ‘लिंकर बदलला’ म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात बिनयूटिल्स या साधनांचा संपूर्ण संच बदललेला असतो. त्यात असेंब्ली भाषेतल्या सूचनांपासून ऑब्जेक्ट फाइल बनवणारा असेंब्लरही आला. बिघाड नेमका कोणत्या साधनाने दाखवला आणि कोणत्या साधनातल्या बदलामुळे झाला, हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला चिकटवल्यामुळेच पुष्कळ वेळ वाया जातो.

२०१८ सालचे उदाहरण घ्या. त्या वर्षीच्या जुलैमध्ये बिनयूटिल्सची २.३१ ही आवृत्ती आली. त्यापूर्वी ६४-बिट इंटेल आणि एएमडी प्रोसेसरांसाठी असेंब्लर फंक्शन बोलावण्याच्या सूचनेपुढे ‘पीसी३२’ जातीची रिलोकेशन नोंद (इथे पत्ता नंतर भरायचा आहे अशी खूण) ठेवत असे. आता तो ‘पीएलटी३२’ जातीची नोंद ठेवू लागला. ही केवळ उडी आहे, इथे कोणी फंक्शनचा पत्ता साठवून ठेवत नाही, हे लिंकरला स्पष्ट कळावे एवढाच त्यामागचा हेतू होता आणि तो रास्त होता. जुन्या कर्नलची मात्र पंचाईत झाली. मुख्य प्रतिमा तयार व्हायची, यंत्र सुरूही व्हायचे, पण मोड्यूल चढवायला गेले की नोंदवहीत ‘अननोन रेला रिलोकेशन: ४’ अशी ओळ उमटायची आणि नेटवर्क कार्डापासून फाइल सिस्टिमपर्यंत काहीही चालू व्हायचे नाही. त्या ओळीतला चार हा आकडा म्हणजेच ‘पीएलटी३२’चा क्रमांक. हे ज्याला ठाऊक होते, किंवा आकड्याचा अर्थ शोधण्याची ज्याला सवय होती, त्याला दुरुस्ती अवघड नव्हती, कारण कर्नलच्या आत पीएलटी नावाचा, बाहेरच्या फंक्शनांकडे उडी वळवणारा तक्ताच नसतो आणि त्यामुळे या दोन्ही जातींची किंमत तिथे सारख्याच रीतीने काढायची असते. मूळ दुरुस्तीने नेमके तेवढेच केले: तीन फाइलींत, जिथे जिथे ‘पीसी३२’ हाताळले जात होते तिथे शेजारी ‘पीएलटी३२’ लिहिले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की ही दुरुस्ती फेब्रुवारी २०१८ मधली आहे, म्हणजे नवा संच प्रसिद्ध होण्याच्या कितीतरी आधीची, आणि ती जुन्या स्थिर शाखांतही (ज्यांत फक्त दुरुस्त्या उतरवल्या जातात अशा आवृत्त्यांतही) पोहोचवण्यात आली होती. जे अडकले ते आपले कर्नलच्या कोडचे झाड जुन्या जागीच रोवून बसले होते म्हणून अडकले.

पुढच्या प्रसंगातही हेच दिसते. कर्नल ५.१० डिसेंबर २०२० मध्ये आला आणि लगेच जानेवारी २०२१ मध्ये बिनयूटिल्स २.३६. या आवृत्तीपासून असेंब्लरने न वापरलेली विभाग-चिन्हे (फाइलीतल्या विभागांच्या नोंदी) ऑब्जेक्ट फाइलीत लिहिणे थांबवले. कर्नलमध्ये ‘थंक_६४’ नावाची एक छोटी असेंब्ली फाइल आहे. प्रीएम्प्शनचा (चालू काम मध्येच थांबवून दुसऱ्याला संधी देण्याचा) पर्याय बंद असेल तर तिच्यात काहीच उरत नाही: सूचना नाहीत, डेटा नाही, आणि आता चिन्हेही नाहीत. ऑब्जटूल ती उघडायचे, ‘मिसिंग सिम्बॉल टेबल’ म्हणायचे आणि बिल्ड तिथेच थांबायचा. चूक असेंब्लरची नव्हती. रिकाम्या फाइलीत चिन्हांचा तक्ता असलाच पाहिजे असे गृहीत धरणारे ऑब्जटूल चुकत होते, आणि दुरुस्तीही तिथेच झाली. ५.१० च्या स्थिर शाखेत ती अल्पावधीत आली. तेव्हा आज एखाद्याचा ‘५.१०’ कर्नल या संदेशावर अडत असेल, तर त्याच्या हातात ५.१० चे अगदी सुरुवातीचे रूप आहे आणि त्यानंतर आलेला एकही सुरक्षा-पॅच त्याने घेतलेला नाही, एवढे निदान त्या एका ओळीवरून करता येते. मला या पत्रातून जे सांगायचे आहे त्याचा गाभा हाच आहे. अडलेला बिल्ड ही अडचण आहेच, पण ती पुराव्यासारखीही असते. अशा वेळी जुना लिंकर परत आणणारा माणूस तो पुरावा पुसतो, आणि वर्षानुवर्षे पॅच न मिळालेला कर्नल पुन्हा एखाद्या राउटरमध्ये किंवा कारखान्यातल्या नियंत्रकात बसवला जातो.

संदेश लिंकरने दिला म्हणून कारणही लिंकरच, असे मानू नये याचे उत्तम उदाहरण एआरएम प्रोसेसरांच्या सर्किट-फळ्यांवर काम करणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचे आहे. चिपनिर्मात्याने दिलेला जुना कर्नल उबुंटू २२.०४ वर बांधायला घेतला, की ‘मल्टिपल डेफिनिशन ऑफ वायवायलॉक’ असे सांगून लिंकर थांबतो. इथे लिंकरमध्ये काहीही बदललेले नसते. मे २०२० मध्ये आलेल्या जीसीसी १० या कंपायलरने प्रारंभिक किंमत न दिलेली जागतिक चले एकत्र मिसळू देण्याची जुनी सवलत बंद केली, आणि डिव्हाइस ट्री कंपायलरच्या (हार्डवेअरचे वर्णन रूपांतरित करणाऱ्या, कर्नलसोबतच्या साधनाच्या) दोन फाइलींत एकच चल दोनदा घोषित असल्याचे त्यामुळे उघडे पडले. योग्य दुरुस्ती म्हणजे त्यातली एक अनावश्यक ओळ काढून टाकणे. तरीही मी पाहतो ते असे, की कोणी जुना जीसीसी बसवतो, कोणी लिंकर बदलून पाहतो, कोणी जुनी सवलत परत चालू करणारा पर्याय मेकफाइलमध्ये (बिल्डच्या सूचनांच्या फाइलीत) घुसवतो आणि तो तिथे कायमचा राहतो.

आपल्याकडे या विषयाला आणखी एका कारणाने महत्त्व आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२२ मध्ये रिस्क-फाइव्ह या खुल्या सूचनासंचावरच्या प्रोसेसरांसाठी डीआयआर-व्ही हा कार्यक्रम जाहीर केला. आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकचा ‘वेगा’ हे प्रोसेसर त्यात आहेत, आणि सी-डॅकचे मुख्यालय पुण्यातच आहे. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत बिनयूटिल्स २.३८ आले आणि रिस्क-फाइव्हचे कर्नल बांधणे थांबले, कारण नव्या असेंब्लरने सूचनासंचाचे नवे विनिर्देश प्रमाण मानले आणि त्यात नियंत्रण-रजिस्टरे वाचण्या-लिहिण्याच्या सूचना मूळ संचातून काढून ‘झेडआयसीएसआर’ या, तर ‘फेन्स.आय’ ही सूचना ‘झेडआयफेन्सआय’ या स्वतंत्र विस्तारात टाकलेली आहे. कर्नलच्या मेकफाइलने हे विस्तार नावानिशी मागावेत, एवढाच उपाय होता. स्वदेशी प्रोसेसरांचा अभिमान बाळगताना असे विनिर्देश वाचणारी आणि दहा ओळींचा पॅच निश्चिंतपणे जुन्या शाखेत उतरवणारी माणसे आपल्याकडे किती तयार होत आहेत, याची मला मनापासून काळजी वाटते.

ठरावीक संच गोठवून ठेवणे नेहमीच गैर आहे, असे मात्र मी म्हणत नाही. बाजारात गेलेल्या उत्पादनाची प्रतिमा पुन्हा तंतोतंत तशीच बांधता यावी म्हणून कंपायलर आणि लिंकरची आवृत्ती नोंदवून एका कंटेनरमध्ये (बाकी यंत्रणेपासून अलग ठेवलेल्या वातावरणात) जपून ठेवणे ही चांगली शिस्त आहे. पण तो निर्णय आधी, विचारपूर्वक आणि कधी बदलायचा हे ठरवून घ्यायचा असतो. बिल्ड अडल्यावर घाईने घेतलेली माघार ही शिस्त होऊ शकत नाही. अडलेल्या बिल्डपुढे करायचे काम तसे साधे आहे. समांतर चाललेल्या कामांच्या गर्दीत मूळ चूक वर सरकून जाते म्हणून बिल्ड एकेरी चालवून पहिली चूक गाठावी, ज्या ऑब्जेक्ट फाइलीवर तो थांबला ती रीडएल्फ या साधनाने उघडून पाहावी, आणि त्याच शाखेची ताजी स्थिर आवृत्ती त्याच संचावर बांधून पाहावी. ती बांधली गेली तर दुरुस्ती अस्तित्वात आहे. कोडचा इतिहास सांभाळणाऱ्या गिटच्या बायसेक्टने (इतिहास निम्मा-निम्मा करत शोधण्याने) नेमका कमिट, म्हणजे तो बदल, सापडतो. तो एकटाच उचलण्यापेक्षा स्थिर शाखाच आपल्या झाडात मिसळावी असे मी आग्रहाने सांगेन.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संगणक अभियांत्रिकी अभ्यासक्रमात सिस्टम्स प्रोग्रॅमिंग शिकवले जाते आणि त्यात असेंब्लर, लिंकर, लोडर हे सारे आहे. माझी विनंती एवढीच, की कागदावरच्या काल्पनिक सूचनासंचाबरोबर विद्यार्थ्यांना एकदा तरी खरी ऑब्जेक्ट फाइल उघडायला लावावी, तिच्यातल्या रिलोकेशन नोंदी वाचायला लावाव्यात, आणि ५.१० चा पहिला कर्नल नव्या बिनयूटिल्सवर बांधायला देऊन तो का अडतो याचे कारण लेखी मागावे. शासकीय खात्यांनी उपकरणे खरेदी करताना पुरवठादाराकडून कर्नलची पूर्ण आवृत्ती, म्हणजे शेवटच्या आकड्यासकट, लिहून घ्यावी आणि चालू संचावर तो कर्नल बांधून दाखवण्याची अट निविदेत घालावी, अशीही सूचना आपल्या दैनिकामार्फत संबंधितांपर्यंत पोहोचावी.

आपला विश्वासू,
एक एम्बेडेड सॉफ्टवेअर अभियंता, पुणे